नोलीनची उत्तरेची भिंत

झाडांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. नाहीतर हा घोळ मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही कळू दिलेला नाही. फक्त मध्येच हसायचं नाही. शेवटी हसा, शेवटी मलाही हसू येतं. पण ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत.

दोन हजार सहा सालची गोष्ट. आमची मुग्धा तेव्हा न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात नर्स होती. जावई अमित एका कारखान्यात सुपरवायझर. दोघांनी हॉर्नबी नावाच्या भागात घर भाड्याने घेतलं होतं. एका बाजूला गोदामं, एका बाजूला मॉल आणि मध्ये बसकी, पत्र्याच्या छपरांची घरं. मी नुकतीच शाळेतून रिटायर झाले होते. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, म्हणून ते पुण्यातच राहिले आणि मी एकटीच सहा महिने लेकीकडे गेले. पोचले ती एप्रिलच्या शेवटी, म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती लपवून किस्सा पुढे जाणारच नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचे. एक-दोन नाही, एकतीस वर्षं. पृथ्वीचा गोल हातात घेऊन वर्गात शिरले की मुली गप्प बसायच्या. विमानात शेजारी बसलेल्या बाईला मी सिंगापूरपर्यंत समजावत गेले होते, की आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे थंडी कशी असते. त्या बिचारीला झोपायचं होतं.

अशी मी. हॉर्नबीत गेल्यावर पहिलं काम काय केलं असेल? दिशा नक्की केल्या. मुग्धाचं देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कसंतरी मांडलेलं होतं, देवांचं तोंड भिंतीकडे की फ्रिजकडे, कोणाला पत्ता नाही. अमितला दिशा विचारली तर तो म्हणाला, मॉल त्या बाजूला आहे. मी भर दुपारी बारा वाजता अंगणात जाऊन उभी राहिले. सूर्याकडे पाठ केली. समोर उत्तर, मागे दक्षिण, उजवा हात पूर्वेकडे. एका कागदावर बाण काढून तो फ्रिजवर चिकटवला आणि देवांची तोंडं त्याप्रमाणे फिरवून घेतली.

तुम्ही म्हणाल, सूर्य उगवतो कुठून ते बघायचं होतं. बघायचं होतंच. पण तिकडे तो उगवायचा साडेसातच्या पुढे, शेजारच्यांच्या उंच कुंपणामागून, आणि त्या वेळी मी दोन रजया आणि एका हॉट वॉटर बॅगखाली. मावळायचा पाच वाजता, गॅरेजच्या मागे, आणि तेव्हा मी कणीक मळत असायचे. शिवाय दिशा एकदा ठरल्यावर रोज कोण तपासतं?

शेजारी नोलीन राहायची. पंचाहत्तरीची, एकटी, केस कापसासारखे, आणि त्या थंडीतही पायात मोजे न घालता जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा. तिचा नवरा केन आदल्या वर्षी जून महिन्यात गेला होता. पहिल्याच दिवशी तिने कुंपणावरून "किया ओरा", म्हणजे तिकडचा नमस्कार, केला आणि दुसऱ्या दिवशी लिंबाच्या वड्यांचा डबा दिला. मुग्धा आणि अमित दोघंही शिफ्टला असले की माझ्याशी बोलणारी ती एकटीच. माझं नाव तिने पहिल्याच आठवड्यात सुलभाचं सुलू करून टाकलं. आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासभर बोलायचो. ती काय म्हणते त्यातलं अर्धं मला कळायचं, मी काय म्हणते त्यातलं अर्धं तिला, पण बागेचं बोलणं पूर्ण कळायचं. मी तिला माझ्या पुण्याच्या गच्चीवरच्या बावन्न कुंड्यांबद्दल सांगितलं होतं. जरा जास्तच सांगितलं होतं, असं आता वाटतं.

मे महिन्यात नोलीनच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. मुग्धाच्याच हॉस्पिटलात, वॉर्ड वेगळा. भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला हाक मारली. तिच्या पडवीत एक मोठी कुंडी होती, बाजूला तडा गेलेली, तड्यातून मुळं बाहेर डोकावणारी. आत कमरेएवढं झुडूप. रुंद पानं, आणि फांद्यांच्या टोकांना हिरव्या कळ्यांचे बारीक झुबके.

ल्युक्युलिया, ती म्हणाली. मला नाव तीनदा विचारावं लागलं. मूळचं हिमालयाकडचं, म्हणजे तुमच्याकडचंच, असंही तिने सांगितलं. ऐन हिवाळ्यात गुलाबी फुलतं आणि वासाने सगळं अंगण भरतं. त्यांच्या जुन्या घरी केनने लावलेलं मोठं झाड होतं. ते घर विकताना तिने सहा फांद्या कापून आणल्या, त्यातली ही एकच जगली. तीन वर्षांत पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या. जूनमध्ये केनला जाऊन वर्ष होणार होतं, आणि त्या दिवशी ही फुलं त्याच्याकडे न्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण कुंडी फुटलेली, झाड जमिनीत लावायला हवं, आणि खुबा असा.

मग तिने माझा हात धरला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"नॉर्थ वॉल, सुलू. जवळ, अगदी वळचणीखाली. हिला हलवलेलं आवडत नाही. म्हणून एकदाच."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. बावन्न कुंड्या.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली आणि दुपारी अमित कामावरून आल्या आल्या मी त्याला कुदळ दिली. अमित फार गुणी मुलगा. सासूसमोर आवाज चढवणं सोडाच, शंकासुद्धा काढत नाही. माझ्या फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे उत्तर म्हणजे नोलीनच्या घराची मागची बाजू. आम्ही कुंडी तिकडे नेली. तिथे कचऱ्याचे डबे, एक गळका नळ, आणि भिंतीच्या पायाशी शेवाळ. उन्हाचा कवडसा नाही. अमित जरा थांबला. "आई, इथेच ना?"

खरं सांगायचं तर मलाही ती जागा विचित्र वाटली होती. पण मी विचार केला, हिमालयातलं झाड, त्याला आपल्यासारखं ऊन कशाला लागतंय. शेवाळ आहे म्हणजे ओलावा आहे. आणि मुख्य म्हणजे नोलीनने सांगितलंय. मी तिच्या शब्दाबाहेर एक इंचसुद्धा जाणार नव्हते. अमितने खड्डा खणला, मी कुंडी फोडून झाड मातीसकट उतरवलं, शेणखत घातलं, वळचणीखाली, भिंतीपासून वीतभर. हात धुताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तीन दिवस सगळं ठीक. गुरुवारी सकाळी उठून बघते तर अंगण पांढरं. पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव. अमितने उत्साहाने फोटो काढला. मी स्वेटरवर स्वेटर चढवून नोलीनच्या मागच्या बाजूला गेले. पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारख्या. आमच्या पुढच्या अंगणातलं दहिवर दहापर्यंत वितळून गेलं. तिथलं दुपारी एकलाही तसंच होतं.

त्याच दिवशी मुग्धा जेवणाच्या सुट्टीत नोलीनला भेटून आली. ऑपरेशन छान झालं होतं. शुद्धीवर आल्यावर तिने काय विचारलं असेल? झाड कसं आहे. मुग्धाने मला फोन केला, काय सांगू?

"छान आहे म्हणून सांग," मी म्हणाले. आजारी माणसाला कशाला त्रास, असा माझा विचार. थंडी काय, एक दिवस आली, जाईल.

थंडी गेली नाही. शुक्रवारी पुन्हा, शनिवारी पुन्हा. मी संध्याकाळ व्हायच्या आत झाडाला आधी माझी शाल गुंडाळायला लागले, मग शालीवर मुग्धाची सोलापुरी चादर, मग चादरीवर अमितच्या कारखान्यातून आणलेलं प्लॅस्टिक. सकाळी सोडून बघायचे तर आत अजून एक पान काळं. रविवारी मला एक युक्ती सुचली. मुळांना ऊब मिळावी म्हणून मी कोमट पाणी नेऊन घातलं, आणि पानांवरही शिंपडलं. सोमवारी सकाळी ती पानं देठासकट लोंबत होती. लहान मुलाने हात सोडून द्यावेत तशी.

आणि रोज दुपारी फोन. नोलीन विचारतेय, कळ्या मोठ्या झाल्या का? हो म्हणून सांग. नोलीन विचारतेय, रंग दिसायला लागला का? थोडा थोडा, म्हणून सांग. मुग्धा एकदा म्हणाली, आई, तू नक्की बघतेस ना रोज? मी म्हटलं, म्हणजे काय. मुग्धा सकाळी अंधारात जायची, अंधारात यायची, तिने झाड पाहिलंच नव्हतं. अमितने पाहिलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि तो आपणहून बोलणाऱ्यांतला नव्हता.

माझी झोप उडाली होती. जेवण जाईना. पुण्याहून ह्यांचा फोन आला तर मी धड बोललेही नाही. मला राहून राहून त्या सहा फांद्या दिसायच्या. पाच मेल्या, एक जगली, ती तीन वर्षं जपली, आणि माझ्या हातात दिल्यावर आठवडाभरात ही दशा. आणि कारण कळेना. सांगितलं तसंच केलं होतं की मी.

बुधवारी मुग्धा घरी आली ती पर्सही न ठेवता सोफ्यावर बसली. म्हणाली, नोलीन शनिवारी सकाळी घरी येतेय. तासाभरासाठीच. हॉस्पिटलची एक बाई बरोबर असणार, घरातल्या पायऱ्या, बाथरूम वगैरे तिला जमेल का ते बघायला. आणि नोलीनने सांगितलंय, पायऱ्या नंतर, आधी झाड.

मी तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. टॉर्च लावून दाखवलं. चादर काढल्यावर मुग्धाने झुबके मोजले. कळ्यांच्या अकरा झुबक्यांपैकी दोन हिरवे होते. बाकीचे चहाच्या भुकटीसारखे.

"आई, मी आठवडाभर त्यांना काय सांगत होते?" ती म्हणाली. "मी नर्स आहे. मी त्या बाईच्या पलंगाशेजारी उभी राहून रोज खोटं बोलले."

मी म्हटलं, तू नाही, मी बोलले. ती म्हणाली, तोंड माझं होतं. आणि मग तिने जे सांगितलं ते आजही तसंच्या तसं आठवतं, कारण ते सांगताना ती रागावलेली नव्हती. तिने सांगितलं, शनिवारी तू त्यांना खरं सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, पण मग मला तुझ्याबद्दल वाईट वाटेल.

गुरुवारी अमितला सुट्टी होती. मी दोन काळी पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि त्याला म्हटलं, मला रोपांच्या दुकानात घेऊन चल. नोलीन येण्याआधी निदान कारण तरी कळू दे. जवळच मोठी नर्सरी होती. आत शिरलो तेव्हा साडेबाराचा सुमार, लख्ख ऊन. काउंटरवर साठीचा एक माणूस, अंगात लोकरीचा जाड शर्ट, खाली अर्धी चड्डी आणि गमबूट. मी पिशवी त्याच्यासमोर ठेवली आणि झाडाचं नाव सांगितलं.

त्याने पान उलटसुलट करून बघितलं. दहिवर, म्हणाला. कुठे लावलंय?

घराच्या भिंतीशी, मी सांगितलं. वळचणीखाली.

बरोबर आहे, तो म्हणाला. कुठल्या बाजूची भिंत?

"नॉर्थ."

त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे दिवसभर ऊन असणार, तो म्हणाला. मी म्हटलं, छे, एक मिनिटही ऊन नाही. मग ती नॉर्थ नसणार, तो म्हणाला. मी म्हटलं, नॉर्थच आहे. तो म्हणाला, असू शकत नाही.

आता मला राग आला. आठवडाभर झोप नव्हती, आणि हा चड्डीतला माणूस मला दिशा शिकवत होता. मी त्याला माझ्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, की मिस्टर, मी भूगोलाची शिक्षिका आहे. थर्टी-वन इयर्स.

"गुड ऑन यू," म्हणजे शाब्बास, तो म्हणाला, अगदी मनापासून. मग काउंटरच्या बाहेर आला आणि आम्हा दोघांना दारापाशी घेऊन गेला. विचारलं, आता सूर्य कुठे आहे? मी बोट दाखवलं. आणि ती कुठली दिशा?

"साउथ," मी म्हणाले.

तो काही क्षण मानेमागे खाजवत राहिला. मग खाली वाकून, आजूबाजूला कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला.

"दॅट्स नॉर्थ, लव्ह."

बघा, मला हे माहीत नव्हतं असं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं हो. ऋतू उलटे होतात हे मी अख्ख्या विमानाला सांगत आले होते. पण सूर्यही आकाशातली बाजू बदलून उभा राहतो, हे कुठेतरी पुस्तकातच राहिलं होतं, माझ्याबरोबर अंगणात आलंच नव्हतं. नर्सरीच्या दारात उभ्या उभ्या माझ्या डोक्यातला सगळा गोल एकदम फिरला. मॉल फिरला, गोदामं फिरली, नोलीनचं घर फिरलं. मी अमितच्या दंडाला धरलं.

त्या माणसाने एक हिरवं स्टूल आणून दिलं आणि मी बसले. मग त्याने अमितला समजावलं, मला कळलं तेवढं मी ऐकलं. इकडे थंडीत नाजूक झाडाला उत्तरेचीच भिंत लागते. दिवसभर ऊन पडून विटा तापतात आणि रात्री तीच ऊब झाडाला देतात, आणि वर वळचण असली की दहिवर थेट बसत नाही. आजच हलवा. मुळांचा गोळा फुटू देऊ नका, गोणपाटात घेऊन न्या. गरम पाणी अजिबात नको. काळ्या फांद्या आता कापू नका, वसंतात बघा. जगेल का, अमितने विचारलं. तो म्हणाला, रुसेल. ही झाडं रुसतात. कधी जगतात, कधी काही कारण नसताना जातात.

गाडी अमित चालवत होता. हॉर्नबीचा सिग्नल आला तेव्हा त्याने समोर बघतच विचारलं, "आई, मग देव?"

मी म्हटलं, देवांचं संध्याकाळी बघू. आधी झाड.

ऊन जायला चार तास होते. नोलीनच्या घराच्या पुढच्या बाजूला, चिमणीच्या विटांशेजारी, आम्ही नवा खड्डा खणला. तिथे उभं राहिल्यावर पाठ शेकत होती. इतके दिवस मी रोज त्या भिंतीजवळून चालत मागच्या अंधारात गेले होते, एकदाही थांबले नव्हते. मग मागे आलो. अमित जमिनीवर पालथा पडला आणि हाताने माती उकरायला लागला, कुदळ नको म्हणाला. मी गोणपाट सरकवत होते. अर्ध्या तासाने गोळा सुटला. उचलताना एका बाजूची माती ढासळली आणि बारीकसा आवाज आला, जुनं कापड फाटतं तसा. आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. अमितने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तसंच उचलून, एकेक पाऊल टाकत, घराला वळसा घालून आणलं, खड्ड्यात ठेवलं, माती दाबली. त्याच्या नखांतून रक्त येत होतं. मी त्याला आत नेऊन हळद लावली आणि पहिल्यांदाच त्याला म्हटलं, अरे, त्या दिवशी तुला शंका आली होती ना? मग बोलला का नाहीस?

तो म्हणाला, तुम्ही भूगोलाच्या.

संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून देव फिरवले. मुग्धाने फ्रिजवरचा कागद काढला आणि कचऱ्यात टाकला.

शुक्रवारी झाड रुसलं. उरलेली पानंही गळायला लागली. मी दिवसभर इंग्रजी वाक्यं जुळवत होते. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, पुटपुटत होते. शनिवारी दहा वाजता हॉस्पिटलची गाडी आली. नोलीन वॉकर धरून उतरली, बारीक झालेली, पण लिपस्टिक लावलेली. मला बघून हसली. आणि माझी पाठ केलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे नाहीशी झाली.

ती वळून चिमणीकडे गेली. झाडासमोर उभी राहिली. पाच पानं आणि एक हिरवा झुबका.

"नोलीन," मी म्हणाले, "मी तिला चुकीच्या बाजूला लावलं. दहा दिवस. मला वाटलं साउथ म्हणजे नॉर्थ. परवा हलवलं. ती छान नव्हती. मुग्धाला खोटं सांगायला मी लावलं."

हे सगळं मी कुठल्या इंग्रजीत सांगितलं ते विचारू नका. पण तिला पूर्ण कळलं. वॉकरचा एक हात सोडून तिने नखाने खोडावरची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. तिने ते मला दाखवलं. मग म्हणाली, झाडाचं दुःख वाटलं असतंच सुलू, पण पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर आपण दोघींनी मिळून वाईट वाटून घेतलं असतं. मी तिथे हॉस्पिटलात एकटी पडून गुलाबी फुलं बघत होते.

एवढंच. पुढे ती कधीच त्याबद्दल बोलली नाही. तिने मला आत बोलावलं आणि चहा करायला सांगितला, आणि हॉस्पिटलच्या बाईने पायऱ्या मोजल्या.

झाड जगलं. तो एक झुबका फुलला, पण केनचा दिवस उलटून गेल्यावर नऊ दिवसांनी. नोलीन तोपर्यंत घरी आली होती. अमितने आम्हा दोघींना गाडीतून केनकडे नेलं. फुलं मूठभरच होती, पण वासाने गाडी भरून गेली. नोलीन म्हणाली, उशीर झाला ते ठीकच आहे, केन कुठेच वेळेवर पोचला नाही.

इथे थांबले असते तर माझी थोडी अब्रू राहिली असती. पण जुलैत तिकडच्या मराठी मंडळींचा स्नेहमेळावा होता. हॉलमध्ये बटाटेवडे चालले होते. एक तिशीची मुलगी धावत आली आणि भर हॉलमध्ये माझ्या पाया पडली. "बाई, ओळखलंत? मी पल्लवी. नववी ब."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. परक्या देशात, लेक आणि जावयासमोर, आपली विद्यार्थिनी. मी मुग्धाला, अमितला मुद्दाम जवळ बोलावलं. पल्लवी तिथल्या एका क्लिनिकमध्ये फार्मसिस्ट होती, नुकतंच घर घेतलं होतं. म्हणाली, बाई, घर बघताना प्रत्येक वेळी तुमचीच आठवण आली. सगळ्यांना मी सांगते, दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो, हे मी आयुष्यात विसरणार नाही. सहामाहीला मी उत्तरपत्रिकेत उलटं लिहिलं होतं. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत आणि ते वाक्य पन्नास वेळा लिहायला लावलं होतंत.

मुग्धाने वड्याची बशी खाली ठेवली. अमित छताकडे बघत होता.

मी पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "शहाणी मुलगी."

परत जाताना मी गाडीत मागे बसले. खिडकीतून बाहेर बघत मी मनातल्या मनात तेच वाक्य लिहायला सुरुवात केली होती. घर येईपर्यंत बावीस वेळा लिहून झालं.